रिकाम्या घरांत माणसं मांडणारी

सुमनबाई, तुझी तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, भाड्यानं आणलेली मोठी भांडी परत गेली आणि तुझ्या नितीननं मुर्री गावातल्या तुझ्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "काकू, मला हैदराबादला जाणं आहे. घर विकून टाकतो. तुम्हीच सजवून द्या नं. आईच्या हाताखाली तुम्हीच तं होत्या." एवढं बोलून पोरगा मोकळा झाला. मी किल्ली घेतली. माय वो, म्हटलं, हेही माझ्याच वाट्याला आलं काय! इतकी वर्षं दोघी जावांनी मिळून लोकांची रिकामी घरं भरलेली दाखवली. आता तुझंच घर रिकामं झालं, आणि ते भरलेलं दाखवायचं कोणी, तं मी.

सुरुवात कशी झाली, आठवते नं? जिल्हा नवीन झाला होता. साहेब लोक बदलून येऊन राहिले होते, खेड्यातले शेतीवाले पोरांच्या शाळेपायी गोंदियात घर पाहून राहिले होते आणि भासरे, म्हणजे तुझे हे, घरांची दलाली करत होते. राईस मिलच्या मागचं एक घर त्यांच्या गळ्यात अडकलं होतं. बरीच वर्षं बंद. गिऱ्हाईक यायचं, "मकान तो ठीक है भैया, पर..." असं म्हणायचं आणि चप्पल न काढता परत जायचं. भासरे ताटावर बसून त्या घराला शिव्या देत होते आणि तू भात वाढता वाढता म्हटलं, "पोरगी दाखवता तं तिची वेणीफणी करता. घर काऊन असं बोडकं दाखवता जी?"

भासरे हसले. तू हसली नाही. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून घेऊन गेली. मी नवीन सून, डोक्यावरचा पदर सांभाळू की बादली सांभाळू, अशी गत. दुकानातला रंग तू आणूच दिला नाही. चुना भिजवला, त्यात सरस टाकला म्हणजे अंगाला लागत नाही, बैठकीसाठी नीळ आणि स्वयंपाकघरासाठी पिवडी. मी तुला "तुम्ही जरा सरका" म्हटलं तं तू कुंचा खाली ठेवून माझ्याकडं पाहिलं. "एका बादलीतला चुना मारणाऱ्या बाया एकमेकीले तुम्ही म्हणतात काय वो?" त्या दिवसापासून तू माझी "तू" झाली. सासूबाईंना ते शेवटपर्यंत आवडलं नाही.

ते घर विकलं गेलं, मग दुसरं आलं, मग येतच राहिली. जुन्या लुगड्यांचे पडदे, पोत्याची पायपुसणी, बांबूच्या टोपल्या उलट्या करून त्यात लावलेले बल्ब, दारावर धानाच्या लोंब्यांची झालर. पैशाचं सामान कधी आणलं नाही, सगळं आपल्या हातचं. एका घरात तू रिकामा पाळणा मांडला आणि रात्रीतून त्यात मांजर व्याली. सकाळी गिऱ्हाईक दारात, पिल्लं पाळण्यात, माझी पळापळ. तू शांतपणे म्हणते, "शुभ आहे जी, घरात बाळंतीण आहे." त्या माणसानं हसत हसत घर घेतलं. भासऱ्यांनी त्या मांजरीला महिनाभर दूध पाजलं.

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. दुसरी एखादी बाई घर सजवेल तं फुलदाणी ठेवेल. तू माणसं ठेवायची. दारात झिजलेली चप्पल, म्हाताऱ्याची. खाटेवर घडी मोडलेला पेपर आणि वर चष्मा. ओट्यावर अर्ध्या सोललेल्या शेंगांची टोपली, जशी बाई आत्ताच उठून मागच्या दारी गेली. चुलीवर आधण. आत पाऊल टाकताना मलाच अंग चोरावंसं वाटायचं. कोणाच्या तरी घरात न विचारता आल्यासारखं व्हायचं.

आणि दोरीवर तो लहान पोरीचा फ्रॉक. गुलाबी, गळ्याला शिवलेली पांढरी पट्टी. प्रत्येक घरात तो वाळत असायचा. मी म्हटलं, ही कोणाची पोरगी आहे बाई, जी आज या घरात अन् उद्या त्या घरात? तू म्हटलं, "पिंकी." इतकंच. मग पिंकी आपल्या बोलण्यात आली आणि राहिलीच. घर विकलं की आपण म्हणायचो, चला, पिंकीचं घर गेलं, आता पिंकीला दुसरं घर पाहा. वर्षं गेली तसं आपण तिला मोठंही केलं. "पिंकी आता दहावीले असेल," तू एकदा बसस्टँडवर म्हटलं, कोणतीच बस येत नव्हती तेव्हा. मी म्हटलं, "गणितात कच्ची आहे." तू म्हटलं, "तुझ्यावर गेली."

नितीनच्या आधी तुला एक मुलगी झाली होती आणि ती चालायला लागायच्या आधीच गेली, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तिचं नाव काय होतं, हे मी तुला कधी विचारलं नाही. तू सांगितलं नाही. आता या जगात पिंकीला ओळखणारी मी एकटी उरली आहे. त्या घरांवरून जाते तेव्हा आत दुसऱ्याच लोकांची पोरं दिसतात, दोरीवर दुसऱ्यांचे कपडे असतात, आणि माझी नजर तरी तिलाच शोधते. वेडेपणा आहे, पण तुला नाही सांगणार तं कोणाला सांगू?

आपलं भांडण मात्र राहून गेलं. स्टेशनकडच्या त्या घराचं. तिथं एक म्हातारे गृहस्थ एकटे असताना गेले होते. पाहायला आलेल्या बाईनं सरळ विचारलं, "घरात कोणी गेलं काय?" तू म्हटलं, "आधी चहा घ्या जी," आणि तिचा प्रश्न चहात बुडवून टाकला. ती गेल्यावर मी तुझ्यावर चवताळली. "सांगून द्यायला पाहिजे होतं. हे तं वरून कीर्तन अन् आतून तमाशा झालं!" तू पदरानं हात पुसत म्हटलं, "कोणत्या घरात कोणी मरत नाही? जिथं कोणी मेलं नाही ते घर नाही, दुकान आहे." "मग तेच सांग नं तिला!" "तिले राहाले घर पाहिजे. मेलेल्याचं नाव सांगून मी तिले काय देऊ?" "खरं दे." तू माझ्याकडं पाहून म्हटलं, "कानामागून आली अन् तिखट झाली." आणि हसली. मी हसली नाही. पुढं कितीदा तरी तो विषय निघाला, प्रत्येक वेळी तू चहा मांडला. मी म्हणायची, बाई, एक दिवस तुला याचं उत्तर द्यावं लागेल. तू म्हणायची, देईन नं, घाई काय आहे.

घाई होती, बाई. तुला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं.

नागपूरच्या डॉक्टरनं तुला काय सांगितलं ते मला दिवाळीनंतर, तू गेल्यावर कळलं, तेही तुझ्याकडून नाही. भासरे गेल्यापासून तू त्या घरात एकटी, म्हणून मी येत होती नं दर आठवड्याला? अंगणात सडा, दारात रांगोळी, चुलीवर काहीतरी शिजत असायचं, तू हिरव्या लुगड्यात, केसांना तेल, "ये वो, बस." मी म्हणायची, "वाळली तू." तू म्हणायची, "म्हातारपणी कोण फुगते?" आणि मी खुशाल चहा पिऊन, परसातल्या पोपटीच्या शेंगा बांधून घेऊन घरी जायची. तू गेल्यावर तुझ्या शेजारची कमलाबाई मला म्हणाली, "तुमच्या गाडीचा आवाज आला का उठून बसत होती वो. तोंडाले पावडर लावत होती. मले म्हणे, चुलीवर कायतरी ठेवून दे, वास आला पाहिजे. तुम्ही गेल्या का तशीच अंथरुणात."

मी ते ऐकलं आणि मला रडू नाही आलं, राग आला. असा राग की कमलाबाई दोन पावलं मागं सरली. मला दाखवत होती तू घर? मला? मी कोण होती तुझी, गिऱ्हाईक? ज्या हातांनी मी तुझ्यासोबत चुना घोटला, त्या हातांत तुझं डोकं घेऊन बसली असती. पाय चेपले असते. तुझं गू-मूत केलं असतं, वो, आणि त्यात काही उपकार नव्हते. ते सगळं तू माझ्यापासून काढून घेतलं आणि मला रांगोळी दाखवली. लोक म्हणतात मेलेल्या माणसावर रागावू नये. मी रागावून आहे.

असा राग घेऊन मी तुझ्या घराचं कुलूप काढलं. बाहेर धानाच्या बांध्या कापून झाल्या होत्या, पेंढ्यांचे पुंजणे रचले होते, मळणी यंत्राचा आवाज येऊन राहिला होता. आत गेली आणि उभीच राहिली. ओट्यावर शेंगांची टोपली होती, अर्धी सोललेली. खाटेवर चष्मा. दारात चप्पल. मी ते सगळं पाहून राहिली होती आणि मला कळत नव्हतं, यातलं तू खरंच वापरता वापरता सोडून गेली ते कोणतं, आणि माझ्यासाठी मांडलं होतं ते कोणतं. टोपलीतल्या शेंगा काळ्या पडल्या होत्या. त्या फेकायला हात गेला नाही.

लोकांच्या घरांना तू निळा दिला, पिवळा दिला, डाळिंबी दिला आणि आपलं घर वर्षानुवर्षं नुसतं पांढरं ठेवलं. मी डोकं खाल्लं तुझं, एक भिंत तरी रंगव म्हणून. तू म्हणायची, "विकाले काढलं तवा रंगवू." तं घे, बाई, काढलं विकायला. मी पिवडी आणली. चुना भिजवला. कुंचा मारता मारता माझ्या खांद्यामागून कोणीतरी म्हटलं, गाठी राहिल्या, ढवळ. मी म्हटलं, "ढवळून राहिली नं, तुला मोठी घाई!" भिंतीपलीकडून कमलाबाईनं विचारलं, "कोणाशी बोलून राहिल्या वो?" मी म्हटलं, "कोणाशी नाही." थोड्या वेळानं तिनं आपल्या अंगणात दिवा लावल्याचं मी पाहिलं, भर दुपारी.

तुझ्या हिरव्या लुगड्याचा मी पडदा केला. ते टाकायचं, जाळायचं, कोणाला द्यायचं, नितीननं काही सांगितलं नव्हतं. खिडकीला लावला. वारा आला की तो फुगतो आणि खाली बसतो, आणि मागून पाहिलं तं तू ओट्याशी उभी आहे असं वाटते. मी दिवसातून किती वेळा स्वयंपाकघरात "बाई" म्हणून गेली असेन, देवाला माहीत. चहा मांडला की दोन कप निघतात. एक मी पिते, एक निवतो. मग तोही मीच पिते, कारण तुला चहा फेकलेला आवडत नव्हता. भीती वाटते काय, असं मला आमच्या ह्यांनी विचारलं. भीती नाही वाटत. भीती वाटली असती तं मी लवकर घरी आली असती. मी उशिरा येऊन राहिली होती. एक दिवस ह्यांनी जेवताना हात थांबवला आणि म्हटलं, "तू ते घर विकाले सजवून राहिली का वहिनीले परत आणाले?"

मी ताट उचलून आत गेली. उत्तर मला ठाऊक होतं.

नितीन फोन करायचा, "काकू, झालं काय?" मी म्हणायची, रंग सुकला नाही. मग म्हणायची, दाराला वार्निश बाकी आहे. चुना सुकायला किती वेळ लागते, हे त्या पोराला काय माहीत! मला रोज वाटायचं, अजून एक वस्तू मांडली की घर पुरं होईल. पण पुरं झालं की लोक येतील, लोक आले की घर जाईल, घर गेलं की तू कुठं येशील? म्हणून मी मांडायची आणि काढायची. काल ठेवलेला तांब्या आज हलवायची. तुळशीला पाणी, देवाला फूल, चुलीत विस्तव. घर एकदम जिवंत झालं होतं, बाई. तुझ्यापेक्षाही चांगलं जमलं मला. तू पाहिलं असतं तं जळली असती.

अशात एका दुपारी दारासमोर ऑटो थांबला. नागरा गावाकडची, पोवार समाजाची माणसं, एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. नितीननं परस्पर दलालाला सांगितलं होतं. मुलगा भिंतींवरून हात फिरवत कोणाला तरी फोनवर सांगू लागला, "अरे, एकदम मस्त मकान है." सून सरळ चुलीपाशी गेली आणि तिथंच रमली. म्हातारी बैठकीत टेकली, पाय लांब केले, आणि कमरेच्या पिशवीतून एक गाठोडं काढून मांडीवर ठेवलं.

"घरवाली कुठं आहे?" तिनं मला विचारलं.

माझ्या तोंडातून निघालं, "येईल."

"कायले विचारलं, तं आमच्यात तसं आहे," म्हातारी म्हणाली. "जिची चूल आपण घेतो, तिच्या पदरात आपल्या बांधीचे तांदूळ टाकाले लागते. तिनं पदर केला तं समजावं का तिनं राजीखुशीनं देलं. नाही तं त्या चुलीवरचं अन्न अंगाले लागत नाही. मी नवे तांदूळ आणले. येऊ दे तिले, आमी बसून आहो."

आणि ते बसले. मी चहा केला. मुलानं घड्याळ पाहिलं, म्हातारीनं त्याला डोळ्यानंच दाबलं. सून येऊन पडद्याचा काठ बोटांत धरून उभी राहिली, म्हणाली, "लुगडं किती मऊ आहे." सगळे दाराकडं पाहून राहिले होते. माझं बोलणं त्यांना खरं वाटलं होतं, आणि इतकी माणसं एकदम वाट पाहायला लागल्यावर मलाही वाटलं, तू येशील. खरं सांगते, बाई. फाटकाकडं माझं ध्यान लागलं. आली की आधी भांडीन, मनात म्हटलं, मग पाणी देईन.

"फोन लावून पाहा नं काकू," सून म्हणाली.

मी फोन काढला. तुझं नाव त्यात आहे. अंगठा त्याच्यावर ठेवला आणि तो दबलाच नाही. तेरवीच्या कागदावर छापलं होतं, भटजी म्हणाले होते, नितीन म्हणाला होता, गावानं म्हटलं होतं. माझ्या तोंडानं मी अजून म्हटलं नव्हतं.

"ती नाही येणार," मी म्हटलं. "माझी बाई मेली."

मुलगा उभाच राहिला. सुनेनं पडद्यावरचा हात काढून घेतला. म्हातारी कडाडली, "मंग आमाले इतका वेळ काऊन बसवून ठेवलं वो? चेष्टा आहे काय?"

मी फोन परत कमरेला खोचला.

"कुठं मेली?"

"याच घरात. त्या आतल्या खोलीत."

"माय, चाल," मुलगा म्हणाला. म्हातारी हलली नाही. तिनं चुलीकडं पाहिलं, तुळशीकडं पाहिलं, निवत ठेवलेल्या त्या कपाकडं पाहिलं आणि मग कितीतरी वेळ माझ्याकडं.

"तुझी कोण लागे?"

"जाऊ."

"सख्खी?"

"सख्खी."

म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली. मुलानं धरायला हात पुढं केला, तो तिनं झटकला. माझ्यासमोर येऊन गाठोडं सोडलं. "मंग कर पदर. तुनं देलं म्हणजे तिनं देलं."

मला पदर धरता येत नव्हता, सुनेनं खालून हात लावला. तांदूळ पडले. जड होते, वो. मूठभरच तं होते, पण मला ते धरून उभं राहता आलं नाही, मी तिथंच भुईवर बसली आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मोठ्यानं, गळा काढून, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती त्यांच्यासमोर. म्हातारी बाजूला बसली. "रड," म्हणाली, "आमाले कुठी जाणं नाही."

घर गेलं, बाई. पुढच्या आठवड्यात ते लोक सामान आणतील. म्हातारी निघताना सुनेला म्हणत होती, पाह्य, कसं राजीखुशीनं देलं. मी मान हलवली. पण तुला सांगते, मी राजीखुशीनं नाही दिलं.